मालकाचा रकाना

हिराबायचं नाव आधी लिहून ठेवतो. चिंचणीच्या कोळीवाड्यातली हिराबाय, सुक्या मासळीची पाटी घेऊन बाजारात बसणारी. मी बोलायला लागलो की ज्याच्याबद्दल सांगायचं तो माणूस राहून जातो आणि माझंच रडगाणं सुरू होतं, ही माझी खोड मला माहीत आहे. म्हणून तिचं नाव पहिल्या ओळीत. आज हातात जे काम आहे आणि कुत्रं अंगावर आलं तरी जागेवर उभे राहणारे जे दोन पाय आहेत, ते तिच्यामुळे. काय घडलं ते येईलच पुढे.

भाद्रपद पुन्हा आला. गणपती गेले, मांडवाचे बांबू अजून रस्त्याच्या कडेला पडलेत. पाऊस येतो, लाज वाटल्यासारखा थांबतो, मग असं ऊन पडतं की ओली जमीन वाफ सोडते. बोईसरच्या नाक्यावर एक कुत्री पुढे आणि जिभा बाहेर काढलेले सात-आठ जण मागे, अशी वरात सकाळपासून चाललीय. टपरीवरचे लोक टाळ्या देऊन हसतात. एकजण दुसऱ्याच्या पाठीत गुद्दा घालून म्हणतो, "तुझे भाऊबंद चाललेत बघ." दर वर्षी हाच विनोद, दर वर्षी नवा असल्यासारखं हसणं. चहा संपला की यातलाच एखादा त्या कुत्रीला दगड मारतो. मला या हसणाऱ्यांची किळस येते. एके काळी मीही त्यांच्यात उभा राहून हसलोय, म्हणून जरा जास्तच येते.

माझं गाव पैनगंगेच्या काठी, इथून दीड दिवसाच्या प्रवासावर. शाळा आठवीत सोडली. सोडली म्हणजे काय, गणिताचे सर वर्गासमोर म्हणाले, "गंगाधर, तू गुरंच राख," आणि मी त्यांचा शब्द खाली पडू दिला नाही. चुलतभावाच्या मागे बोईसरला आलो. कापडाच्या कारखान्यात बीमवर, म्हणजे ताण्याच्या मोठ्या रुळावर, धागे जोडायचं काम केलं. तो कारखाना बंद पडल्यावर कुणीतरी सांगितलं, फाटकाजवळच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक बाई कुत्र्यांवर काहीतरी संशोधन करतात, त्यांना मदतनीस पाहिजे.

त्या बाई म्हणजे कुमुद मॅडम. पन्नाशी ओलांडलेल्या, पायात कापडी बूट, खांद्याला झोळी. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता. "कुत्र्यांची भीती नाही ना वाटत तुम्हाला?"

"नाही मॅडम."

सात वर्षांचा असताना मला कुत्रं चावलं होतं. पोटातली इंजेक्शनं घेताना चौघांनी धरून ठेवलं होतं. तेव्हापासून लांबून भुंकणं आलं तरी माझ्या पोटऱ्या आखडतात. पण काम पाहिजे होतं. मॅडमनी मला "तुम्ही" म्हटलं होतं, आणि मला तोवर कुणी "तुम्ही" म्हटलं नव्हतं. त्या एका शब्दासाठी मी खोटं बोललो.

खोलीवर आम्ही पाच जण. संध्याकाळी शिरलो की बाकीचे सुरू व्हायचे, "आ गया कुत्तेवाला डॉक्टर! आज किसकी नब्ज देखी?" मी हसायचो. घाबरट माणूस स्वतःवर आधी हसून घेतो, म्हणजे दुसऱ्याचं हसणं कमी लागतं. आई फोनवर विचारायची, "काय काम करतू रं बापू?" मी सांगायचो, "ल्याबमधी हाव, माय." कुत्र्यांचं नाव काढायचो नाही.

मॅडमनाही लोकांचं असं हसणं चुकलं नव्हतं. तरुणपणी त्या जनावरांच्या दवाखान्यात होत्या. पोटाखाली गाठी झालेल्या कुत्र्या यायच्या, गाठ कापायची, बादलीत टाकायची. एक दिवस त्यांना वाटलं, ही तर बायकांना होते तीच गाठ. तीच चाल, तसंच पसरणं. कुत्री आपल्याच घरात राहते, आपलंच उष्टं खाते, आपल्याच दारातली हवा घेते आणि दहा-बारा वर्षांत आख्खं आयुष्य उरकते. तिच्या जीन्समध्ये काय बिघडलं ते सापडलं, तर माणसात कुठे शोधायचं ते कळेल. एवढा सरळ विचार. त्याच्यामागे पंचवीस वर्षं गेली. बरोबरीचे लोक मोठ्या इस्पितळांत गेले, परदेशात गेले. ह्या राहिल्या "कुत्र्यांची बाई". परिषदांमध्ये त्यांचं भाषण जेवणाच्या आधी, अगदी शेवटी. हे त्या हसत सांगायच्या. मला नाही हसू यायचं.

जीन्स म्हणजे काय ते मला त्यांच्या इंग्रजी चित्रांवरून कळलं नाही, बीमवरून कळलं. ताण्यातला एक धागा कच्चा असला की आख्ख्या ठाणात तीच रेघ उतरते. कापड एकरंगी असेल तर रेघ लांबून दिसते, छापील असेल तर दिसत नाही. मी हे म्हटलं तेव्हा मॅडम थांबल्या आणि म्हणाल्या, "गंगाधर, जातिवंत कुत्री म्हणजे तुमचं एकरंगी कापड. माणूस आणि गल्लीतली कुत्री म्हणजे छापील. आपल्याला दोन्ही बघायचंय." पुढे त्या बाहेरच्या लोकांनाही तसंच सांगायला लागल्या, आणि दर वेळी म्हणायच्या, "हे आमच्या गंगाधरांचं."

एकरंगी कापडाची घरं मी पाहिली. फाटकाला "कुत्र्यापासून सावध" अशी पाटी असलेले बंगले. दिवाणखान्यात काचेच्या कपाटात कुत्र्याच्या सात पिढ्यांचा कागद, सोनेरी चौकटीत. "ह्याची आजी इंपोर्टेड होती," बंगल्यातले साहेब सांगायचे, स्वतःच्या आजीचं नाव आठवायला त्यांना वेळ लागला असता. आत भांडी घासणाऱ्या बाईला ते "ए, पाणी आण" म्हणायचे. ती सहा वर्षं त्या घरात होती. खानदान शुद्ध ठेवायच्या हौसेपायी त्या कुत्र्यांची भावाबहिणींत लग्नं लावलेली असायची, आणि मग हाडात गाठ आली की साहेब म्हणायचे, "एवढं महागाचं खाणं घालतो, तरी कसं झालं?" मॅडम शांतपणे नमुना घ्यायच्या. मी फाटकाबाहेर वही धरून उभा. बाहेर का, हे कुणी विचारलं नाही. माझी जागा बाहेरच आहे, असं सगळ्यांना वाटत होतं. ते माझ्या पथ्यावर पडायचं.

छापील कापडाचे, म्हणजे गल्लीतल्या कुत्र्यांचे, नमुने आणायचं काम माझ्याकडे एकट्याकडे होतं. सात भाद्रपद मागची गोष्ट. मॅडम म्हणत होत्या, आश्विनात जाऊ, या दिवसांत कुत्री पिसाळल्यासारखी असतात. पण निशांतला घाई होती. निशांत म्हणजे मॅडमच्या हाताखाली डॉक्टरेट करणारा. मुंबईचा, केसांना जेल लावणारा, आल्या दिवसापासून मला "ए गंगाधर" म्हणणारा. तो एसीत बसायचा आणि फॉर्म बनवायचा. नमुना क्रमांक, कुत्र्याचं नाव, वय, रंग, गाठ आहे का, मालकाचं नाव. मालकाच्या नावाशिवाय फॉर्म भरलेला धरायचा नाही, अशी त्याची ताकीद.

कोळीवाड्यात मालक! ज्याने कोळीवाडा गुगलवरच पाहिला त्यालाच असा रकाना सुचणार.

पण मी तरी काय मोठा शहाणा होतो? मी दारात जायचो, कुंपणाच्या अलीकडे थांबायचो आणि कापूस गुंडाळलेली काडी बाईच्या हातात द्यायचो. "गालाच्या आतून फिरवा, मग ह्या नळीत टाका," सांगायचो आणि तोंड भिंतीकडे करायचो. भाद्रपदातलं ते गुरगुरणं, झोंबाझोंबी मागून ऐकू यायची. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास नाकात घ्यायचो आणि वहीत मान घालून बाई सांगेल ते लिहायचो. नाव काळी, मालक हिराबाय, वय पाच. नाव राणी, मालक गुलाब, वय तीन. नाव चंपी, मालक चहावाला दामू, वय सात. नाव मैना, मालक कोपऱ्यावरची म्हातारी, वय "लय झालं". चौघींनाही पोटाखाली गाठ, लिंबाएवढी. मला नवल वाटलं. बघावं असं वाटलं नाही.

महिन्याभराने, एका शनिवारी, निशांत खुर्चीवरून उडीच मारून उठला. "मॅडम! चौघींत एकच बदल! एका गल्लीत चार, चारही गाठवाल्या!" सगळे जीन्स वाचून व्हायला अजून वेळ होता, त्याने एकच ठिकाण तपासलं होतं. पण त्याच ठिकाणावर मॅडमची कितीतरी वर्षं गेली होती. त्या खाली बसल्या. चष्मा काढून पुसला आणि तसाच हातात धरून राहिल्या. सोमवारी मुंबईत मोठ्या डॉक्टरांसमोर त्यांचं भाषण होतं. त्या म्हणाल्या, "गंगाधर, हे तुमच्या पायपिटीचं फळ आहे. पहिल्या पानावर तुमचं नाव घालणार मी."

निशांत चारही फॉर्म टेबलावर शेजारी शेजारी मांडत होता, फोटो काढायला. आणि मी माझंच अक्षर वाचलं. रंग काळा, पुढचा डावा पाय पांढरा. रंग काळा, पुढचा डावा पाय पांढरा. चार वेळा.

मला घाम फुटला. मॅडम म्हणाल्या, "बरं नाही का? घरी जा, विश्रांती घ्या." मेलेल्या आईची शपथ घालून कुणी विचारलं असतं तरी त्या क्षणी माझ्या तोंडून शब्द फुटला नसता, आणि माझी आई तर जिवंत आहे.

रविवारी सकाळी चिंचणीला गेलो. हिराबाय पाटीत सुका जवळा भरत होती.

"हिराबाय, तुमची काळी कुठंय?"

"आसंल. ह्या वक्ताला ती गुलाबच्या दारात असते."

"गुलाबताईंची राणी वेगळी ना?"

"कंची राणी?" तिने माझ्याकडे शिळ्या मासळीकडे बघावं तसं बघितलं.

"आणि दामूची चंपी? म्हातारीची मैना?"

तिने पाटी खाली ठेवली. हसायला लागली ती कमरेवर हात ठेवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग गल्लीच्या मधोमध उभी राहिली आणि मासळी ओरडून विकणाऱ्या त्या गळ्यातून हाक दिली, "काळ्येऽऽ!" पलीकडच्या ओट्यावर पडलेल्या एका कुत्रीने मान उचलली. "राणीऽऽ!" तिचं शेपूट हललं. "चंपेऽऽ!" ती उठली. "मैना गो, ये!" ती चालत आली आणि हिराबायच्या पायाशी बसली. काळी, पुढचा डावा पाय पांढरा.

"बघ," हिराबाय म्हणाली. "आता तरी बघ. सकाळी माज्याकडं, दुपारी गुलाबकडं, मंग दामूची खारी, सांजचं म्हातारीचं कालवन. जो घालील त्याची ती. तुमी मालक इचारलात, आमी आपापलं नाव सांगितलं. पन तू काय करत व्हतास? भिंतीकडं तोंड! मला वाटलं, पोराला लाज वाटते."

"लाज नाही. भीती वाटते. कुत्र्यांची."

"मेल्या! आनि कुत्र्यांची नोकरी करतोस?"

मी तिला सगळं सांगितलं. उद्याचं भाषण, पहिल्या पानावरचं नाव. आणि हेही सांगितलं की कुणाला काही कळणार नाही, मी आजच्या गाडीने गावी निघून जातो.

"जा की," ती म्हणाली. "तुज्या गावाला कुत्री नसतील."

ती परत पाटीपाशी बसली. जवळा हाताने सारखा करत, माझ्याकडे न बघता बोलली. "माज्या भैनीला व्हती गाठ. दोन वरसं लुगड्याखाली लपवली. नवऱ्याला नाय, मला पन नाय सांगितली. कळली तवा दाक्तरानं नुसती मान हालवली. तुमी आलात, कुत्रीची गाठ इचारलात, तर गल्लीतल्या समद्या बाया पटापट बोलल्या. कुत्रीची सांगायला लाज नाय ना. मला वाटलं, बरं झालं, कुनीतरी इचारतोय." मग जवळ्यातला हात काढून घेतला. "माज्या भैनीला कुनी मोजली नाय. आनि हिला चारदा मोजलीस. दोनी खोटंच रे पोरा."

माझ्यावर आजवर पुष्कळ जण चिडले, ओरडले, हसले. त्यातलं काही टिकलं नाही. हे टिकलं.

ती उठली. "चल. मी येते. कुत्री पन येईल."

टमटमवाला कुरकुरला. हिराबायने पाटी आपल्या मांडीवर घेतली आणि मला म्हणाली, "मी पाटी धरते. तू हिला धर." चिंचणी ते बोईसर, खड्ड्याखड्ड्यातून, ती कुत्री माझ्या मांडीवर. पहिल्या वळणापर्यंत मी श्वासच घेतला नसेल. तीही थरथरत होती. गाडी आदळली की माझ्या काखेत तोंड खुपसत होती. मी तिच्या पोटाखाली हात घातला, पडू नये म्हणून, आणि गाठ हाताला लागली. लिंबाएवढी. मी हा शब्द चार वेळा लिहिला होता. हात आज लागला.

मॅडम सोमवारची तयारी करत होत्या. निशांत ओरडला, "हे काय? लॅबमध्ये कुत्रं आणलंस? एक तर आठवी नापास..."

"येक नाय रे दादा," हिराबाय म्हणाली, "चार हायत. मोजून घ्या."

मी सगळं सांगितलं. चावलेलं कुत्रं, इंजेक्शनं, पहिल्या दिवशीचं "नाही मॅडम", भिंत. निशांत म्हणाला, "मी आधीपासून सांगत होतो मॅडम, ह्या लोकांना पाठवू नका."

"फॉर्म कुणी केला, निशांत?"

"मी."

"चारही फॉर्मवर रंग एकच आलाय. तू वाचलास?"

तो टेबलावरचे फॉर्म गोळा करायला लागला.

"मीही वाचला नाही," मॅडम म्हणाल्या. "मला चार पाहिजे होत्या, म्हणून चार दिसल्या." मग माझ्याकडे वळल्या. "सगळे जीन्स वाचून झाल्यावर हे कळलंच असतं, गंगाधर. दोन महिन्यांनी. तोवर मी गावभर सांगून बसले असते." त्या उठल्या, कॉम्प्युटरवर गेल्या आणि चार ओळींतल्या तीन खोडल्या. पंचवीस वर्षं ज्याची वाट पाहिली, ते खोडायला त्यांना तीनदा बोट दाबावं लागलं. मग खाली बसून त्यांनी कुत्रीची गाठ चाचपली आणि हिराबायला विचारलं, "बाई, हिचं नाव काय म्हणालात?"

"चार हायत. कंचं पन घ्या, ती नाय म्हननार नाय."

सोमवारी बॅगा उचलायला म्हणून मीही गेलो. थंडगार सभागृह, कोटवाले डॉक्टर. मॅडमचं भाषण अर्थात शेवटी. पडद्यावर एकच ओळ आली तेव्हा मागच्या रांगा जेवायला उठल्या होत्या. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थाने घड्याळ बघत विचारलं, "फक्त एकच केस?"

"हो," मॅडम म्हणाल्या. "एकच आहे."

तो हसला. शेजारचाही हसला. नाक्यावरच्या टपरीवरचे लोक आणि हे, यांच्यात काय फरक आहे ते मी त्या दिवसापासून शोधतोय. कपडे सोडून काही सापडलं नाही. ते जेवायला गेले. तिथेही पुष्कळ हसत होते.

त्यानंतर फॉर्ममधून मालकाचा रकाना गेला. त्या जागी मॅडमनी लिहिलं, "कोण कोण जेवू घालतं?" आणि माझ्या कामात एक अट आली: कुत्रं मी धरायचं, मी बघायचं, मग लिहायचं. सुरुवातीला हिराबाय बरोबर यायची. "कानामागनं हात घाल. वरनं नको, वरनं आला की त्याला मार वाटतो." दोनदा ओरबाडे निघाले. तिसऱ्यांदा निघाले नाहीत. त्या काळीची गाठ काढली आणि काळी पुढे तीन पावसाळे चार घरी जेवली. चौथ्या घरी मेली, म्हातारीच्या ओट्यावर. खड्डा चारही घरांनी मिळून खणला. निशांत तोवर परदेशात गेला होता. तिथे तो भारतातल्या ग्रामीण भागातल्या आपल्या कामाबद्दल भाषणं देतो, असं ऐकतो. देवो बापडा.

या भाद्रपदात मॅडमचा लेख छापून आला. सात वर्षं, कितीतरी गावं, आणि या खेपेला प्रत्येक कुत्री एकदाच मोजलेली. त्यात म्हटलंय की जीन्समधला तो बदल असलेल्या कुत्र्यांत गाठीचा धोका जास्त दिसतो, आणि बायकांमध्येही तेच ठिकाण तपासून बघायला हवं. बघायला हवं, एवढंच. पंचवीस आणि सात वर्षांचं एवढंसं वाक्य. टपरीवर सांगितलं असतं तर हसले असते. पहिल्या पानावर नावं आहेत, त्यात माझंही आहे. मला ते वाचता आलं. बाकीचं सगळं इंग्रजी, ते आलं नाही.

तेव्हा ठरवलं. मुक्त शाळेत नाव घातलंय, इंग्रजीचं पुस्तक उशाशी असतं. खोलीवरचे आता नवीन चिडवणं शोधतायत. शोधू देत. हिराबाय थकली, बाजाराला बसत नाही, ओट्यावर असते. परवा म्हणाली, "छापलं ना? मंग वाच की." मी म्हटलं, येत नाही. "मंग शीक. मी काय पळून जात नाय."

तर हिराबाय, हे ऐक. तुझं देणं मी असं फेडणार आहे. एक दिवस तुझ्या ओट्यावर बसून तो लेख पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तुला तुझ्या बोलीत वाचून दाखवीन. त्यात आपल्या काळीला नुसता नंबर दिलाय. तो नंबर आला की मी थांबेन आणि चारही नावं मोठ्याने म्हणेन. आणि वाचून झालं की तुझ्या बहिणीचं नाव विचारीन. इतकी वर्षं तू ते सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. तेव्हा विचारीन, आणि तुझ्याकडे बघून लिहून घेईन.